जुन्या बुलेटला वाऱ्याची ढाल

वडिलांच्या जुन्या बुलेटला पुढे काच लावायचे ठरले ते हौसेखातर नव्हे. हिवाळ्यात पहाटे कॉलेज गाठताना छाती गारठते म्हणून. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, हे आम्हा कलाशाखेच्या मंडळींना अंगावर झेलूनच कळायचे! १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसची फेअरिंग वातबोगद्यात पारखून सांगाड्यालाच जोडलेली होती. तिचा भार हँडलवर पडत नसे. जुन्या गाडीला काच बहुधा हँडललाच बसते. तेव्हा ती लहान व हलकी घ्यावी. मोठी काच आडव्या वाऱ्यात हँडल ओढते. वरची कड डोळ्यांखाली हवी, कारण पावसात ओघळत्या काचेतून रस्ता पाहणे मला तरी धोक्याचे वाटते. डोक्याला वारा लागेल, तो लागू द्यावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच-ब्रेकच्या तारा कुठे ताणत नाहीत ना, हे दुकानातच पाहावे.