दगडी फौज रंगवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडत वाढलेली काही मुले मोठेपणी टेबलावरच्या युद्धखेळांकडे वळतात. वॉरहॅमरसारख्या खेळांतली माणसे 28 ते 32 मिलिमीटर उंचीची असतात, आणि त्यांच्या जोडीला दगडाचे राक्षस, पंख मिटून बसलेले पाषाणी पहारेकरी, जिवंत झालेले पुतळे असतात. ही दगडी फौज सोलापुरात रंगवायची असेल तर नमुना गावातच उभा आहे. सिद्धेश्वर तलावाला लागून असलेला भुईकोट किल्ला कुणीही जाऊन बघावा. तरीही बहुतेक जण परदेशी व्हिडिओतला राखाडी रंग उचलतात आणि आपली फौज सिमेंटची का दिसते याचा विचार करत बसतात.

गैरसमजांची सुरुवात इथूनच होते: दगड म्हणजे काळ्यात पांढरा मिसळला की झाले. आपल्याकडचा दगड बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर निवून तयार झालेला. ताजा फोडला तर तो निळसर काळपट निघतो. पण त्यात लोह भरपूर असते. वर्षानुवर्षे हवा-पाणी लागून वरच्या लोहाला गंज चढतो आणि दगडावर तपकिरी साय धरते. जुनी तटबंदी जवळून पाहिली तर मातकट तपकिरी, पाणी झिरपते तिथे काळे पट्टे, दरजांतला चुना विरघळून आलेले पांढुरके ओघळ आणि मधूनमधून दगडफुलाचे फिकट ठिपके दिसतात. नुसता राखाडी म्हणावा असा भाग त्यात फार थोडा.

म्हणून पहिल्या हातासाठी काळ्या रंगात बर्न्ट अंबर आणि अगदी थोडा निळा मिसळावा. त्यावर पातळ तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग, द्यावा, आणि वरचे उंचवटे उजळताना पांढऱ्याऐवजी मातकट पिवळसर रंग घ्यावा. पांढऱ्याने उजळलेला दगड खडूची भुकटी उडाल्यासारखा दिसतो. निळ्या-तपकिरीची ही जोडी माझ्या मते साऱ्या कामाचा गाभा आहे, बाकीची कौशल्ये तिच्यानंतर.

कडा नेहमी फिकट असतात, हा नियम अर्धाच खरा आहे. मूर्ती एवढीशी असल्याने तिच्या खाचांत खरी सावली पुरेशी पडत नाही, ती रंगानेच द्यावी लागते. त्याच न्यायाने उंचवट्यांवरचा उजेडही रंगवावा लागतो. इथपर्यंत नियम बरोबर. पण झिजलेला बेसाल्ट उलट वागतो. देवळाचा उंबरठा बघा. हजारो पावलांनी घासून तो गुळगुळीत होतो, गुळगुळीत पृष्ठभागावरून उजेड विखुरत नाही, आणि दगड अधिक काळा दिसतो. तुटलेल्या टवक्यातही आतला ताजा निळसर काळा रंग उघडा पडतो. तेव्हा राक्षसाच्या मुठीवर किंवा गुडघ्यावर सरसकट फिकट रेघ ओढण्याआधी तो भाग घासून झिजला आहे, फुटला आहे की नुसता उन्हात आहे, हे ठरवा. घासलेल्या जागी गडद रंग आणि किंचित चमक, फुटलेल्या जागी निळसर काळा, उरलेल्या ठिकाणी मातकट उजाळा. एवढ्या फरकाने पुतळा जुना वाटू लागतो.

रंगात वाळू कालवली की दगडाचा खरखरीतपणा येतो, असेही बरेच जण सांगतात. हिशेब करून बघा. पावणेदोन मीटरचा माणूस 28 मिलिमीटरमध्ये बसवला तर प्रमाण साधारण साठास एक होते. म्हणजे एक मिलिमीटरचा वाळूचा कण त्या जगात सहा सेंटिमीटरचा खडा झाला! अंगभर असे खडे चिकटलेला पुतळा दगडी दिसत नाही आणि त्याचे कोरीव तपशीलही बुजतात. वाळू पायाखालच्या चकतीवर शोभते. अंग गुळगुळीत असेल तर फाटक्या स्पंजचा तुकडा दोन-तीन छटांत बुडवून, कागदावर टिपून, हलके ठोकावा.

आता खेपेने रंगवण्याबद्दल. एकेक मूर्ती वेगळी रंगवली तरच दर्जा राहतो, बारा एकदम घेतल्या की काम उथळ होते, ही समजूत दगडी फौजेच्या बाबतीत तर पूर्ण चुकीची आहे. दगडाचे काम थरांचे आहे आणि प्रत्येक थर पुरता वाळावा लागतो. एकच मूर्ती हातात असेल तर ओल्यावरच पुढचा हात मारण्याचा मोह होतो, आणि खालचा रंग उचलला जातो. बारा असतील तर शेवटची होईपर्यंत पहिली बऱ्यापैकी वाळलेली असते. छटेचेही तसेच. सूत रंगवणाऱ्याला जसे माहीत असते की दोन लॉटची छटा तंतोतंत जुळत नाही, तसेच इथेही आहे. हाताने मिसळलेला रंग पुन्हा जसाच्या तसा जमत नाही, म्हणून साऱ्या फौजेला पुरेल एवढा एकदाच मिसळून झाकणबंद डबीत ठेवावा. मात्र आधी एका मूर्तीवर सगळे थर शेवटपर्यंत करून बघावेत, मगच उरलेल्यांना हात लावावा. डोळे, शस्त्रे, गळ्यातली माळ हे मात्र खेपेत नको, ते एकेकीचेच काम.

पोस्टर कलर चालतात का, हा प्रश्न नवखे हमखास विचारतात. पहिल्या हाताला चालल्यासारखे वाटतात, पण वाळल्यावरही ते पाण्याने पुन्हा विरघळतात. वॉश दिला की खालचा थर उठून चिखल होतो. ॲक्रिलिकचा थर एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, आणि ते स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे मावळे रंगवायचे असतील तर आधी प्रायमर हवाच. प्लास्टर पाणी शोषते, त्यामुळे वॉश खाचांत उतरण्याआधीच जिथे टेकला तिथे मुरतो आणि डाग पडतो.

उन्हाळ्यात रंग लवकर वाळतो म्हणजे काम सोपे, असे सोलापुरात अगदी सहज बोलले जाते. पारा चाळिशीपार गेला की रंग कुंचल्याच्या टोकावरच सुकतो. स्प्रेचा प्रायमर तर मूर्तीवर पोचण्याआधी हवेतच अर्धा वाळतो आणि भुकटीसारखा बसतो. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, एवढी तजवीज केली तर रंग तासन्‌तास ओला राहतो. स्प्रे सकाळी लवकर मारावा. पावसाळ्यात अडचण वेगळी: दमट हवेत फवारलेल्या मॅट व्हार्निशवर कधी पांढुरके धुके चढते. त्या दिवसांत कुंचल्यानेच पातळ हात द्यावा.