रिपोर्ट दोन गावचे, हृदय एकच

सुरतेच्या कोसाड भागातल्या खानदेशी घराचा दवाखाना बहुतेकदा दोन गावांत विभागलेला असतो. दम लागला, पायांवर सूज आली की सुरतेत दाखवायचं. आखाजीला उधना-जळगाव लाइनने गावी गेलं की गोळ्या तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायच्या. फाइल एकच, रिपोर्ट दोन लॅबचे. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर झालेल्या पेशंटच्या बाबतीत यातून भलताच घोटाळा होऊ शकतो. गोळी लागू पडतेय, माणूस जिना चढतोय, आणि रक्तातला आकडा मात्र वाढलेला!

याचं कारण सारख्या नावांच्या दोन तपासण्या. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी प्रोबीएनपी हे प्रथिन तयार करतात आणि त्याचे दोन तुकडे रक्तात उतरतात. ३२ अमिनो आम्लांचा बीएनपी कामाचा: जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढतो, रक्तवाहिन्या सैल करतो. ७६ अमिनो आम्लांचा एनटी-प्रोबीएनपी नुसताच फिरतो. गंमत म्हणजे १९८८ साली जपानी संशोधकांना बीएनपी सापडला तो डुकराच्या मेंदूत. त्याचं खरं कोठार हृदय, हे नंतर कळलं.

आता सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही गोळी बघा. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत ती जुन्या एनालाप्रिलपेक्षा सरस ठरली. सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिन या एन्झाइमला अडवतं, आणि बीएनपी मोडून टाकणाऱ्यांत हेच एन्झाइम असतं. साहजिकच गोळी सुरू झाल्यावर बीएनपी वाढू शकतो. एनटी-प्रोबीएनपी मात्र या एन्झाइमच्या तावडीत सापडत नाही. ताण हलका झाला की तो उतरतो. म्हणून ही गोळी चालू असेल तर एनटी-प्रोबीएनपीच बघावा. २०१९ च्या प्रूव्ह-एचएफ अभ्यासात, ज्यांचा हा आकडा उतरला त्यांच्या हृदयाचं पंपिंगही सुधारलेलं दिसलं.

मग आकडा बघूनच औषध ठरवावं का? गाइड-आयटी चाचणीत ८९४ पेशंट होते आणि आकडा १००० च्या खाली आणायचं लक्ष्य होतं. नेहमीच्या उपचारापेक्षा फायदा दिसेना, म्हणून ती मध्येच थांबवली. निकाल २०१७ मध्ये आला. मला यात तपासणीची हार दिसत नाही. दोन्ही गटांना औषधं जवळपास सारखीच मिळाली होती, मग फरक पडणार कुठून? २०२२ च्या स्ट्राँग-एचएफमध्ये हॉस्पिटलमधून सोडल्यावर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण मात्रेवर नेली. आकड्याचं काम लगामाचं होतं: तो दहा टक्क्यांहून जास्त वाढला तर बीटा-ब्लॉकरची मात्रा तूर्त वाढवायची नाही, लघवीच्या गोळीचा विचार करायचा. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारात २३.३ टक्के होतं, इथे १५.२.

कोणाला कोणती गोळी मानवेल हे आधीच सांगणारी रक्ततपासणी मात्र रोजच्या वापरात अजून नाही. एसटी-२, गॅलेक्टिन-३ ही नावं कानावर येतात. ती धोक्याचा अंदाज देतात, औषध निवडून देत नाहीत. शिवाय वय वाढलं, किडनी बिघडली की एनटी-प्रोबीएनपी चढतो आणि लठ्ठ माणसात कमी दिसतो. तेव्हा शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करण्यात अर्थ नाही. ती आपल्याच मागच्या आकड्याशी करायची.

गावी निघताना मागचा रिपोर्ट पिशवीत टाका, लॅबमध्ये तपासणीचं पूर्ण नाव वाचून घ्या, आणि आकडा काहीही आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.