अर्ध्या लिटरची हद्द

मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन बायका उन्हात चढ चढत असतात. १८९२ मध्ये पूर्ण झालेलं तानसा धरण याच तालुक्यातलं. भातसाही इथलंच, आणि तेच एकटं मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवतं. इथल्या पाणी भरणारीच्या अंगातून मात्र घामाच्या धारा वाहत असतात. तिच्या शरीरातलं उरलंसुरलं पाणी राखायचं काम दोन मूत्रपिंडांवर येऊन पडतं.

मुठीएवढी ही मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं सगळं पाणी रक्तात परत जातं.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख सूक्ष्म नळ्या असतात. त्यांचा एक भाग केसांतल्या आकड्यासारखा वळलेला असतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. नळीची उतरती बाजू पाणी बाहेर झिरपू देते. चढती बाजू मीठ बाहेर टाकते, पण पाणी सोडत नाही. हे दोन उलटे प्रवाह शेजारीशेजारी वाहत राहिल्याने मीठ आणि युरिया मूत्रपिंडाच्या गाभ्यात साठत जातात. तिथला द्रव रक्ताच्या चौपट तीव्र होतो. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, तसंच या गाभ्यातून जाणाऱ्या लघवीतलं पाणी बाहेर ओढलं जातं.

किती ओढायचं, हे मेंदू ठरवतो. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झालं, तरी व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि नळ्यांच्या भिंतीत पाण्याच्या वाटा उघडतात. या वाटा म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. पोटभर पाणी प्यायलं की वाटा मिटतात आणि लघवी पाण्यासारखी होते.

पण मूत्रपिंड पाणी वाचवू शकतं, तयार करू शकत नाही. युरिया आणि क्षार बाहेर टाकायला रोज किमान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. घाम आणि श्वासातून जातं ते वेगळं. तान्ह्या बाळांची लघवी दाट करण्याची ताकद मोठ्यांच्या निम्मीच. म्हाताऱ्या माणसांना तहान लागलेली लवकर कळत नाही. लघवी सतत दाट राहिली की मुतखड्याचा धोका वाढतो.

वीटभट्टीवर किंवा शेतावर कितीतरी बाया मुद्दाम कमी पाणी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. त्यांना नुसतं ‘पाणी प्या’ सांगून भागणार नाही. शहापूर आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या प्रत्येक भट्टीवर, कामाच्या प्रत्येक जागी सावलीत पिण्याच्या पाण्याचं पिंप हवं, मीठ घातलेली पेज किंवा ताक हवं, आणि बायांसाठी स्वच्छ आडोसा हवा. मालक, मुकादम आणि ग्रामपंचायतींनी ही सोय उन्हाळा सुरू होण्याआधी करावी.