तहसील, महसूल, हशील : मोठेपणी अरबी अक्षरं शिकताना



समोर बसलेल्या बहुतेकांची चाळिशी उलटलेली दिसते, आणि मी आज बोलणार आहे मुळाक्षरांबद्दल. अरबी मुळाक्षरांबद्दल. ती शिकावीशी वाटण्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणाची मुलं दुबई-मस्कतला नोकरीला असतात. कुणाला मोडी येते आणि आता फार्सी कागदांकडे वळायचं असतं. कुणी मालेगावच्या बाजारात वर्षानुवर्षं जातं, पण तिथल्या उर्दू पाट्या त्याच्याशी बोलत नाहीत. भीती मात्र सगळ्यांची एकच: जागा बदलली की या अक्षराचं रूप बदलतं, मग या वयात ते लक्षात कसं राहणार?

आता आपला 'र' बघा. 'राम'मध्ये एक रूप, 'सूर्य'मध्ये डोक्यावरचा रफार, 'प्रकाश'मध्ये खालची तिरकी रेघ, 'ट्रक'मध्ये टोपीसारखी खूण, आणि 'दुसऱ्या'मध्ये आणखी पाचवं रूप. ही पाच रूपं तुम्ही सातव्या-आठव्या वर्षी शिकलात आणि विसरूनही गेलात की ती शिकावी लागली होती. अरबी 'रे' त्यामानाने फार गरीब आहे. तो उजवीकडच्या अक्षराला चिकटतो, डावीकडच्याला कधीच नाही, आणि दिसतो जवळपास तसाच. असा डावीकडे हात न देणारी सहा अक्षरं आहेत: अलिफ, दाल, झाल, रे, झे, वाव. ती आधी पाठ करा. एकच शब्द मध्येच तुटल्यासारखा का दिसतो, ते मग कळतं.

अरबीत अक्षरं अठ्ठावीस, पण आकृत्या त्याहून पुष्कळ कमी. शब्दाच्या मध्ये एक छोटा दात असतो. खाली एक टिंब दिलं की तो बे, वर दोन दिली की ते, वर तीन दिली की से, वर एक दिलं की नून, खाली दोन दिली की ये. एक दात, पाच अक्षरं. फार्सीला प, च, ग हे आवाज हवे होते, अरबीत ते नव्हते, म्हणून फार्सीने त्याच आकृत्यांत थोडी भर घालून चार अक्षरं वाढवली. नाशिकचं मोगल काळातलं नाव गुलशनाबाद. अठ्ठावीस अक्षरांच्या लिपीत ते जसंच्या तसं लिहिता येत नाही, कारण सुरुवातीचा 'ग'च नाही.

तर आकार ही खरी अडचण नाही. खरी अडचण अशी, की ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत. अ, इ, उ वाचणाऱ्याने आपले आपण घालायचे. तुम्ही म्हणाल, हे तर अशक्यच झालं! पण 'चार माणसं' आणि 'गुरांचा चारा' यांतला 'च' आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो, आणि लिहितो एकाच तऱ्हेनं. कागदावर कुठलीही खूण नसते. शब्द ओळखीचा असतो, म्हणून जीभ आपोआप बरोबर जाते. अरबी वाचन हे असंच चालतं. आधी शब्द ओळखावा लागतो, मग तो वाचता येतो.

आणि इथे मराठी माणूस इतरांच्या पुढे आहे, हे मला आज मुख्यतः सांगायचं आहे.

सातबाऱ्यासाठी आपण तहसील कचेरीत जातो. ते खातं महसुलाचं. आणि काम झालं नाही की घरी येऊन म्हणतो, "खेटे घालून काय हशील?" हे तिन्ही शब्द एकाच घरचे आहेत. हे, साद, लाम ही तीन अक्षरं त्यांचा कणा. मिळणं, हाती येणं, हा त्याचा अर्थ. पुढे 'ते' लावला आणि मध्ये 'ये' घातला की तहसील, म्हणजे वसूल करणं. पुढे 'मीम' आणि मध्ये 'वाव' घातला की महसूल, जे वसूल झालं ते. 'हे'नंतर अलिफ घातला की हासिल, आपलं हशील. अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार हेही असंच एक कुटुंब. नजर आणि मंजूर हे दुसरं: साहेबांच्या नजरेखालून गेलं ते मंजूर. 'म' पुढे आणि शेवटच्या अक्षराआधी 'ऊ', हा साचा एकदा पकडला की महसूल, मंजूर, मजकूर, मशहूर हे शब्द स्वर न लिहिताही वाचता येतात.

पण आपला तोटाही इथेच आहे. मंजूरचा 'ज', मजकूरचा 'ज' आणि मजबूरचा 'ज' अरबीत तीन वेगळी अक्षरं आहेत. 'अर्ज' या इवल्याशा शब्दात सुरुवातीला 'ऐन' आहे, घशातून येणारा, आणि शेवटी 'झाद', चौथा 'ज'. मराठीने हे सगळं सपाट केलं. त्यामुळे ऐकून लिहायला जाऊ नका, तिथे फजिती होते. वर्षभर तरी फक्त वाचा, आणि लिहायचं तर समोर बघून लिहा.

मोडी येणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. पेशवाईतल्या पत्रांवर साल असतं 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी आकडे आहेत, मोडीत लिहिलेले: एक, साठ, शंभर आणि हजार. शुहूर सन 1161. त्यात 599 मिळवा, 1760 येतात. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून जानेवारी 1761 चं पानिपतही याच सालात पडतं. मधला तो 'व' बघितलात ना? आपण 'राम व लक्ष्मण' म्हणतो तो 'व' हाच मानतात. अरबीत तो एका 'वाव'ने लिहितात. म्हणजे एक अक्षर शिकलात की एक पूर्ण शब्द वाचता आला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आपल्या भगूरच्या सावरकरांनी तारखेला 'दिनांक' दिला; तरी तहसीलदार आणि मामलेदार आपल्या जागी बसलेलेच आहेत.

सुरुवात कुठून करायची? खिशातल्या नोटेपासून. मागच्या बाजूच्या भाषांच्या पट्ट्यातली शेवटची ओळ उर्दू आहे. त्यात 'रुपया' शोधा: सुटा रे, सुटा वाव, मग खाली तीन टिंबं असलेला पे. पुस्तक घेताना मात्र सरळ बैठकीचं, नस्ख वळणाचं घ्या. उर्दूचं नस्तालिक तिरकं उतरतं, देखणं आहे, पण नवशिक्याला त्यात टिंबं कुणाची ते कळत नाही. आखाती देशांत जाणाऱ्यांनी आकडे आधी शिकावेत. तिथे पाच गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब, त्यामुळे आपला माणूस बिलावर पाचाला शून्य समजतो. शिवाय अक्षरं उजवीकडून, पण आकडा डावीकडूनच वाचायचा.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे: "मग कुराण वाचता येईल का?" उच्चारता येईल, वर्तमानपत्रापेक्षा लवकर. त्यात स्वरांच्या खुणा, झबर, झेर, पेश, प्रत्येक अक्षरावर छापलेल्या असतात. अर्थ कळायला भाषा शिकावी लागेल, आणि ती वेगळी, मोठी गोष्ट आहे. वर्तमानपत्रात खुणा नसतात. तिथे तुम्हाला तहसील आणि महसूलच उपयोगी पडतील.