संगणकाच्या मागावर

येवल्याला पैठणीचा पदर विणताना पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. मोराचा निळा, वेलीचा हिरवा, फुलाचा लाल, अशी प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. विणकर एक कांडी उचलतो, ठरावीक धाग्यांतून काढतो, ती सोडून दुसरी घेतो. कांड्या पुष्कळ, पण हातात एका वेळी एकच. बाकीच्या पाळीची वाट पाहतात.

संगणकातही असेच चालते. चालू असलेल्या कार्यक्रमाला 'प्रक्रिया' म्हणतात. अशा प्रक्रिया शंभरावर असू शकतात. पण प्रोसेसरचा एक गाभा ढोबळमानाने एका क्षणी एकच हाताळतो आणि काही सहस्रांश सेकंदांत दुसरीकडे वळतो. त्यामुळे सर्व कामे एकदम चालल्यासारखी वाटतात.

हे प्रत्यक्ष पाहू. लिनक्सवर टर्मिनल उघडून 'पीएस' ही आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) द्या. युनिक्समध्ये ती १९७० च्या दशकापासून आहे. बहुधा दोनच ओळी दिसतील: आपल्या आज्ञा वाचणारा 'बॅश' आणि खुद्द 'पीएस'. आता 'स्लीप १०० &' अशी आज्ञा देऊन पुन्हा 'पीएस' द्या. तिसरी ओळ आली! ही प्रक्रिया शंभर सेकंद नुसती झोपते. प्रत्येक ओळीत प्रक्रियेचा क्रमांक आणि वेळ असते. बॅश तासभर उघडा असला तरी त्याची वेळ शून्याजवळच का? कारण ही घड्याळातली वेळ नव्हे. प्रोसेसरने त्या प्रक्रियेसाठी खर्च केलेली वेळ आहे. बॅशचा बहुतेक काळ वाट पाहण्यात जातो.

याचा उपयोग काय? निकालपत्रक भरताना दुसराच एखादा कार्यक्रम अडतो. आपण वैतागून वीज बंद करतो आणि न साठवलेले गुण जातात. त्याऐवजी 'टॉप' आज्ञा द्यावी. प्रोसेसर सर्वाधिक खाणारी प्रक्रिया यादीत वर येते. मात्र मोठे गणित करणारा कार्यक्रमही वरच दिसेल. म्हणून ओळख पटल्याशिवाय काही बंद करू नये. पटली, तर 'किल' आणि तिचा क्रमांक लिहावा. ही विनंती असते; कार्यक्रमाला आवराआवर करता येते. 'किल -९' हा शेवटचा उपाय. त्यात ती सवड नसते. दोन्हींत बाकीची कामे सहसा सुरक्षित राहतात.

मुलांना एक प्रश्न विचारा: चालू प्रक्रियांची यादी देणारी 'पीएस' स्वतःच त्या यादीत कशी?