शंका, संशय आणि मतदानाचा टक्का

मराठीत ‘शंका’ आणि ‘संशय’ हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु भाषेच्या व्यवहारात त्यांचे वळण एक नाही. शंका विचारता येते आणि तिचे निरसन होऊ शकते. संशय विचारता येत नाही. तो धरला जातो, बळावतो आणि क्वचितच पूर्णपणे फिटतो. शंकेला उत्तर देणारा कोणीतरी समोर असावा लागतो. संशयाला तशी गरज नसते. किंबहुना उत्तर देणारा समोर नसला की शंकेचाच संशय होतो. गेल्या काही वर्षांत भारतीय निवडणुकांच्या, विशेषतः मतदानाच्या टक्केवारीच्या संदर्भात लोकमनात जे घडले, त्याचे वर्णन या दोन शब्दांच्या आधारे बरेच नेमके करता येते. मतदानाची आकडेवारी कशी तयार होते, ती बदलते का, आणि तिच्याविषयीची शंका संशयाच्या थराला का जाते, याची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका हे ठिकाण सोयीचे आहे. मराठी वाचकाला ते केंपेगौडांच्या घराण्यामुळे आणि शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीमुळे इतिहासात भेटलेले असते. आजच्या निवडणूक व्यवस्थेशीही या परिसराचे नाते निकटचे आहे. मतदान यंत्रे तयार करणाऱ्या दोन सरकारी उद्योगांपैकी एक, भारत इलेक्ट्रॉनिक्स, येथून फार दूर नसलेल्या जालहळ्ळी येथे आहे (दुसरा हैदराबादचा). मतदाराच्या बोटाला लागणारी न पुसणारी शाई १९६२ पासून याच राज्यातील म्हैसूरच्या रंग कारखान्यात बनते. यंत्र आणि शाई, म्हणजे विश्वासाची दोन्ही साधने, कर्नाटकातून देशभर जातात. आणि संशयाची अलीकडची दोन ठळक प्रकरणेही याच राज्यातील आहेत.

टक्का एक, मतदार अनेक

प्रथम ‘अनियमित’ टक्केवारी म्हणजे काय, ते पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत २६ एप्रिल रोजी बंगळूरमध्ये मतदान झाले. बंगळूर दक्षिण, मध्य आणि उत्तर या तीन मतदारसंघांत मतदान ५३ ते ५४ टक्क्यांच्या आसपास राहिले. येलहंका मात्र बंगळूर महानगराचा भाग असूनही चिक्कबळ्ळापूर लोकसभा मतदारसंघात मोडते, आणि तेथे मतदान सुमारे ७७ टक्के झाले. एकाच दिवशी, लगतच्या दोन मतदारसंघांत वीसहून अधिक टक्क्यांचा फरक! केवळ आकडे पाहणाऱ्याला यात काळेबेरे दिसू शकेल. परंतु चिक्कबळ्ळापूर मतदारसंघात येलहंकाबरोबर गौरिबिदनूर, बागेपल्ली, चिक्कबळ्ळापूर, देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, नेलमंगला आणि होसकोटे ही विधानसभा क्षेत्रे येतात, आणि त्यांतील बहुतेक ग्रामीण किंवा निमशहरी आहेत. खेड्यातील मतदारयादी गावकऱ्यांच्या परिचयाची असते. महानगरातील यादीत घर बदललेल्यांची, गाव सोडलेल्यांची आणि दोन ठिकाणी नोंद असलेल्यांची नावे वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे शहरी टक्का कमी दिसण्यात उदासीनतेचा वाटा असतो, तसाच फुगलेल्या यादीचाही असतो. टक्केवारीचा अंश मतदान केंद्रावर ठरतो, पण छेद ठरतो तो मतदारयादीत. टक्क्याविषयी बोलताना आपण छेद विसरतो, ही या साऱ्या चर्चेतील पहिली त्रुटी होय.

संध्याकाळचा आकडा आणि अंतिम आकडा

संशयाचे खरे मूळ दोन मतदारसंघांतील फरकात नसून एकाच मतदानाच्या दोन आकड्यांमधील अंतरात आहे. २०२४ च्या लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचे मतदान १९ एप्रिलला झाले. त्या संध्याकाळी सुमारे ६० टक्के हा आकडा सांगितला गेला. येलहंकाचा समावेश असलेल्या दुसऱ्या टप्प्याचा संध्याकाळचा आकडा ६०.९६ टक्के होता. ३० एप्रिल रोजी आयोगाने दोन्ही टप्प्यांचे सुधारित आकडे दिले : ६६.१४ आणि ६६.७१ टक्के. पहिल्या टप्प्यासाठी अकरा दिवस लागले, आणि दिले गेले ते केवळ टक्के. मतांची संख्या नाही.

हे आकडे कोठून येतात? २०२४ मध्ये मतदान चालू असताना दर दोन तासांनी केंद्राध्यक्ष क्षेत्रीय अधिकाऱ्याला तोंडी किंवा दूरध्वनीवरून मतदानाची माहिती देत असे. ती वरच्या कार्यालयात नोंदली जाई. गर्दीच्या केंद्रावरून माहिती उशिरा येई, दुर्गम केंद्रावरून कधी येतही नसे. तेव्हा संध्याकाळचा आकडा हा अंदाज असतो. शिवाय मतदानाची वेळ संपताना रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देण्याचा हक्क असतो. रांगेच्या शेवटापासून पुढच्या दिशेने चिठ्ठ्या वाटल्या जातात, म्हणजे नंतर आलेला मध्ये घुसू शकत नाही. ही रांग संपेपर्यंत रात्र होऊ शकते.

दुसरी वाट लेखी आहे. निवडणूक नियम १९६१ मधील कलम ४९-एस नुसार मतदान संपताच केंद्राध्यक्षाला ‘नमुना १७-सी’ भरावा लागतो. त्या केंद्राच्या यादीत किती मतदार, मतदार नोंदवहीत किती जणांची नोंद, यंत्रात किती मते, हे सारे त्यात लिहिलेले असते. हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची साक्षांकित प्रत देणे बंधनकारक आहे. मतमोजणीच्या दिवशी यंत्रातील एकूण मते याच नमुन्याशी ताडून पाहिली जातात. म्हणजे अंतिम आकडा मुख्यालयात जन्माला येत नाही. तो मतदानाच्या रात्री प्रत्येक केंद्रावर, सहीनिशी, तयार असतो.

महाराष्ट्राचे उदाहरण

२० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत हाच प्रश्न अधिक तीव्र झाला. सायंकाळी पाच वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम आकडा ६६.०५ टक्के ठरला. फरक ७.८३ टक्क्यांचा. मतदारांची एकूण संख्या सुमारे ९.७० कोटी असल्यामुळे या फरकाचा अर्थ जवळजवळ ७६ लाख मते असा होतो. ‘शेवटच्या तासात ७६ लाख मते कोठून आली?’ हा प्रश्न विरोधी पक्षांनी केला आणि तो गावोगाव पोहोचला.

राज्यात एक लाखाहून किंचित अधिक मतदान केंद्रे होती. ७६ लाखांना त्या संख्येने भागले असता केंद्रामागे सुमारे ७६ मते येतात. एकूण ६ कोटी ४० लाखांहून अधिक मते अकरा तासांत पडली, म्हणजे केंद्रामागे तासाला सरासरी ५८ मते. पाचनंतरचा एक तास, सहाच्या ठोक्याला उभी असलेली रांग आणि पाचच्या अंदाजात राहिलेली तूट एकत्र धरली, तर केंद्रामागे ७६ हा आकडा अशक्य कोटीतला वाटत नाही. निवडणूक आयोगानेही तासाच्या सरासरीचाच युक्तिवाद केला. सहानंतरच्या मतांवर आक्षेप घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२५ रोजी फेटाळली. याचिकाकर्त्यातर्फे प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली होती.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सरासरी जे घडू शकते ते सांगते. जे घडले ते सांगत नाही. ७६ लाख एकूण शक्य आहेत म्हणून अमुक एका केंद्रावरचा आकडा बरोबर आहे, असे सिद्ध होत नाही. आणि एकूण आकडा मोठा वाटतो म्हणून तो खोटा आहे, असेही सिद्ध होत नाही. आरोप करणारा बेरजेवर बोट ठेवतो, उत्तर देणारा सरासरीवर. दोघेही केंद्रापर्यंत जात नाहीत. नागरिकाचे समाधान मात्र त्याच्या केंद्रावर व्हावयाचे असते.

मारकडवाडी : गावाचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी हे गाव या दृष्टीने बोलके आहे. माळशिरसमधून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तम जानकर निवडून आले. परंतु मारकडवाडीत भाजपचे राम सातपुते यांना १००३ आणि जानकर यांना ८४३ मते मिळाल्याचे दिसले. जानकरांच्या समर्थकांना ते पटले नाही. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर गावापुरते फेरमतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते मतदान झाले नाही. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, हे खरे. पण येथे संशय पराभूतांचा नव्हता, विजेत्या बाजूचा होता. ‘पराभव पचत नाही म्हणून आरडाओरड’ हे नेहमीचे उत्तर मारकडवाडीला लागू पडत नाही. त्या गावाला निकाल नको होता, हिशेब हवा होता.

यंत्राच्या आधीचा संशय

हा संशय यंत्रानेच आणला, असा एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. १९७१ च्या निवडणुकीनंतर मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया करून मते बदलली गेली, असा आरोप बलराज मधोक यांनी केला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि टिकला नाही. मतदान केंद्रे बळकावण्याचे प्रकार इतके वाढले की १९८९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र शिक्षेची तरतूद करावी लागली. १९८२ मध्ये केरळातील परवूर येथे यंत्र प्रथम वापरले गेले. कायद्याचा आधार नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या मतदानाला मान्यता नाकारली, आणि मग कायदा बदलला. २००९ च्या पराभवानंतर भाजपच्या नेत्यांनी यंत्रांवर प्रश्न उपस्थित केले. सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी चिठ्ठी दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटचा मार्ग मोकळा केला. पुढे तेच प्रश्न दुसऱ्या बाजूकडे गेले. पक्ष जागा बदलतात. प्रश्न तेथेच राहतो.

शिवाय मतदानाचा टक्का यंत्राचे अंतरंग सांगत नाही. तो नोंदवही आणि नमुना १७-सी यांवर उभा असतो. उद्या मतपत्रिका परत आल्या, तरी संध्याकाळचा अंदाज आणि अंतिम आकडा यांत अंतर राहणारच.

यादीचा प्रश्न

छेदाचा, म्हणजे मतदारयादीचा, प्रश्न कर्नाटकात दोन ठिकाणी पुढे आला. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीपूर्वी नावे वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज ऑनलाइन आले. तपासणीत त्यांतील केवळ २४ खरे निघाले. उरलेले ५,९९४ फेटाळले गेले आणि गुन्हा नोंदवला गेला. येथे तपासणीने काम केले, हे मान्य करावे लागते. पण हजारो मतदारांच्या नावे परस्पर अर्ज होऊ शकतात, हेही तितकेच स्पष्ट झाले. दुसरे ठिकाण बंगळूरमधील महादेवपुरा. ७ ऑगस्ट २०२५ रोजी राहुल गांधी यांनी तेथील यादीत १,००,२५० मते संशयास्पद असल्याचा आरोप केला. आयोगाने तो अमान्य करून शपथेवर निवेदन मागितले. आरोप आणि प्रत्यारोप यांच्या मध्ये यादी मात्र सामान्य माणसाला यंत्राने शोधता येईल अशा स्वरूपात उपलब्ध नव्हती.

नोंद आहे, पण कोणासाठी?

येलहंकात मतदान चालू होते त्याच दिवशी, २६ एप्रिल २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकांकडे परतण्याची आणि सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. व्यवस्थेवर आंधळा अविश्वास ठेवणे घातक आहे, असे निकालात म्हटले गेले. त्याचबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा अधिकारही मिळाला. नमुना १७-सी जाहीर करण्याच्या मागणीवर २४ मे रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला नाही. उमेदवारांच्या प्रतिनिधींखेरीज कोणाला ती प्रत देण्याचे कायदेशीर बंधन नाही आणि प्रतिमांत फेरफार होऊ शकतो, ही आयोगाची भूमिका होती. दुसऱ्याच दिवशी आयोगाने पहिल्या पाच टप्प्यांची मतसंख्या जाहीर केली. जे दिले गेले, ते मागणीनंतर दिले गेले, एवढाच त्याचा ठसा लोकमनावर उरला. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून इलेक्ट्रॉनिक चित्रण सार्वजनिक पाहणीतून वगळले गेले, आणि मे २०२५ मध्ये चित्रण निकालानंतर पंचेचाळीस दिवसच ठेवण्याच्या सूचना निघाल्या. मतदारांच्या खासगीपणाचे कारण त्यामागे दिले गेले, आणि ते क्षुल्लक नाही. परंतु दार बंद होताना दिसले की आत काय आहे यापेक्षा ते बंद का झाले, याचीच चर्चा होते.

या संदर्भात जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा ३ मार्च २००९ चा निर्णय उद्‌बोधक आहे. तेथे मतदान यंत्रांत लबाडी झाल्याचे सिद्ध झाले नव्हते. तरीही निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानाविना सामान्य नागरिकाला पडताळता आले पाहिजेत, या तत्त्वावर २००५ मध्ये वापरलेली यंत्रे घटनाबाह्य ठरवली गेली. विश्वास हा नागरिकाकडून मागण्याचा नव्हे, तर त्याला पडताळता येण्याजोगा व्यवहार आहे, असा त्याचा मथितार्थ होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की टक्केवारीतील वाढ हा स्वतः गैरव्यवहाराचा पुरावा नाही. तिचे बरेचसे स्पष्टीकरण कार्यपद्धतीत मिळते. परंतु स्पष्टीकरणाने शंका मिटते, संशय मिटत नाही. संशय मिटतो तो ताळ्याने. केंद्राध्यक्ष मतदान संपताच, केंद्र सोडण्यापूर्वी, आकडा थेट संगणकीय प्रणालीत भरेल, अशी पद्धत आयोगाने जून २०२५ मध्ये जाहीर केली. ही योग्य दिशेची पायरी आहे. तिची पुढची पायरी म्हणजे प्रत्येक केंद्राचा नमुना १७-सी त्या रात्रीच केंद्राच्या दारावर लावणे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. कागद तयारच असतो. पक्षांवरही जबाबदारी आहे : ज्या केंद्रावर प्रतिनिधीच बसवला नाही, तेथील प्रत आपल्याला मिळाली नाही, अशी तक्रार त्यांना करता येणार नाही.

निवडणुकीचा अर्थ विजेत्याला सत्ता मिळणे एवढाच नसतो. पराभूताने पराभव मान्य करणे हा तिचा अधिक अवघड भाग आहे. त्याला तो मान्य करता यावा, यासाठी येलहंकातल्या किंवा मारकडवाडीतल्या मतदाराला आपल्या केंद्राचा आकडा मतदानाच्या रात्री वाचता आला पाहिजे आणि मोजणीच्या दिवशी जुळवून पाहता आला पाहिजे. तेवढे झाले, की त्याच्याजवळ उरेल ती शंका असेल. आणि शंका विचारता येते.