भित्र्या मांजरासाठीं स्थळ

भोकरदन तालुक्यांतील केदारखेडा हें पूर्णा नदीच्या कांठचें गांव. अशा गांवांत मांजराला घर शोधून द्यावें लागतें असें कोणी म्हणाल्यास ऐकणाऱ्याला हंसूं येईल. तेथें मांजर कोणी आणीत नाहीं आणि कोणी नेतही नाहीं, तें असतें. मक्याचीं, सोयाबीनचीं पोतीं जेथें रचलीं जातात तेथें उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागोमाग मांजर येतें. आळींतील दोन-तीन घरें मिळून त्याचा संसार चालतो. सकाळीं एका ओसरीवर दुधांत कुसकरलेली भाकरी, दुपारीं दुसऱ्याच्या गोठ्यांत झोंप, रात्रीं कडब्याच्या गंजीभोंवतीं पहारा. त्यांतलें एखादें भित्रें निघालें, माणूस दिसतांच माळवदावर पळूं लागलें, तरी कोणाला त्याचें वैषम्य वाटत नाहीं. माणसें आंत गेलीं म्हणजे तें खालीं उतरतें, वाटी चाटतें आणि निघून जातें. त्याच्या भित्रेपणाला तेथें कोणी दोष म्हणत नाहीं, कारण उंदीर मारण्यापलीकडे त्याच्यापाशीं कोणाचें कांहीं मागणें नसतें.

शहरांत हेंच मांजर अडचणींत येतें. तेथें माळवद नाहीं, गंजी नाहीं. दोन खोल्या, एक गॅलरी आणि बंद दार. माणसापासून दूर राहूनही माणसाच्या आश्रयाला असण्याची जी सोय खेड्यांतील घराच्या बांधणींतच असते, ती शहरांतील बिऱ्हाडांत मुद्दाम करून द्यावी लागते. जिन्याखालीं सांपडलेलें, मालकाच्या मृत्यूनंतर किंवा बदलीनंतर मागें राहिलेलें, पावसाळ्यांत मोटारीच्या पोटांत शिरून बसलेलें असें मांजर प्राण्यांच्या निवाऱ्यांत येऊन पडतें. भेटीस आलेलीं कुटुंबें पिंजऱ्यांपुढून फिरतात. जें पिलूं जाळींतून पंजा बाहेर काढून बोलावतें त्याला लगेच घर मिळतें. जें कोपऱ्यांत पाठ करून बसतें तें पुढल्या महिन्यांतही तेथेंच बसलेलें असतें. आणि शेजारच्या कुत्र्यांचें भुंकणें, रोज बदलणारे हात व औषधांचा उग्र वास यांमुळें त्याचें बुजणें कमी होण्याऐवजीं वाढतच जातें. म्हणजे ज्याला घराची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तें मिळण्याचा संभव सर्वांत कमी, असा हा पेंच आहे.

अनाथ जनावरांची सोय करणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मुंबईंत १८३२ सालीं भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीवरून दंगा झाला, आणि दोनच वर्षांनीं, १८३४ मध्यें, जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें तेथील पांजरपोळ ही संस्था स्थापन झाली. १८७४ मध्यें प्राण्यांच्या छळाला आळा घालणारी मंडळी मुंबईंत एकत्र आली, व परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय पुढील दशकांत उभें राहिलें. स्वातंत्र्यानंतर १९६० सालीं प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा नवा कायदा झाला, आणि त्यान्वयें १९६२ मध्यें स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाचें अध्यक्षपद रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्याकडे आलें. तथापि पांजरपोळाची मूळ कल्पना जनावराला मरेपर्यंत सांभाळण्याची होती. तेथून त्याला एखाद्या कुटुंबांत दत्तक द्यावयाचें, आणि त्यासाठीं कुटुंबाची पारख करावयाची, ही रीत त्या मानानें अलीकडची. तिचे नियम अजून पुष्कळ घरांच्या अंगवळणीं पडलेले नाहींत.

प्रथम हें भय येतें कोठून, तें पाहूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, भित्र्या मांजराला पूर्वीं कोणी तरी मारलेंच असलें पाहिजे. तसें कधीं कधीं असतें. पण बहुधा कारण याहून साधें असतें. फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठांत आयलीन कार्श या संशोधक बाईंनीं पिलांचे गट करून कांहींना तिसऱ्या आठवड्यापासून, कांहींना सातव्या आठवड्यापासून रोज हाताळलें, आणि कांहींना चौदा आठवडे मुळींच हाताळलें नाहीं. ज्यांना लौकर हाताळलें तीं मोठेपणीं माणसाकडे लौकर आलीं आणि मांडीवर अधिक वेळ टिकलीं. यावरून दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा माणसाशीं ओळख होण्याचा मुख्य काळ, असें मानण्यांत येतें. त्या पांच आठवड्यांत जें पिलूं कौलांत किंवा गोदामांत राहिलें, त्याच्या लेखीं माणूस हा एक मोठा, दोन पायांचा, अनोळखी प्राणी असतो. मारहाण व्हावी लागत नाहीं. ओळख झाली नाहीं एवढें पुरतें.

स्वभावाचा कांहीं भाग वारशानेंही येतो. सँड्रा मॅकून यांनीं १९९५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत धीट बोक्याचीं पिलें नव्या वस्तूपुढें व नव्या माणसापुढें अधिक धीट निघालीं. बोका पिलांच्या संगोपनांत भाग घेत नाहीं. तेव्हां हा गुण त्याच्या सहवासानें आला असें म्हणतां येत नाहीं. भित्र्या मांजराला घरीं आणणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें, म्हणजे सहा महिन्यांनीं शेजारच्या लाडावलेल्या मनीशीं त्याची तुलना करण्याचा मोह होणार नाहीं.

आतां स्थळाविषयीं. निवाऱ्यांतील कार्यकर्ते घरीं माणसें किती, मुलांचीं वयें काय, खिडक्यांना जाळी आहे काय, घर भाड्याचें कीं स्वतःचें, बदली झाल्यास काय करणार, असे प्रश्न विचारतात. त्यावर कित्येक गृहस्थांना राग येतो: एक मांजर न्यावयाचें, त्याला एवढी चौकशी कशाला? परंतु मुलीचें स्थळ पाहतांना याहून दसपट चौकशी याच गृहस्थांनीं केलेली असते, आणि ती मुलगी निदान सासरचें काय बिनसलें तें बोलून सांगूं शकते. वस्तुतः ज्या निवाऱ्यांत एकही प्रश्न विचारला जात नाहीं त्याविषयींच मनांत शंका यावी.

भित्र्या मांजरासाठीं चांगलें स्थळ म्हणजे मोठा बंगला नव्हे. ज्या घरांत दिवसाचा क्रम ठरलेला आहे, माणसें थोडीं आहेत, आवाज बेताचे आहेत, तें उत्तम. माणसाच्या कानाला सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. मांजराला त्याच्या चौपट उंचीचाही येतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा, गणपतींतले ताशे, दिवाळींतले फटाके यांतून त्याची सुटका कोणतेंही मराठी घर करूं शकणार नाहीं. पण ज्या घरांत एक खोली तरी दाराआड शांत राहते तेथें तें तग धरतें. पाळण्यांतलें मूल किंवा धांवतें-ओरडतें चार-पांच वर्षांचें मूल असलेल्या घरीं भित्रें मांजर न देणें दोघांच्याही हिताचें. उलट घरांत आधींचें एखादें शांत, माणसाळलेलें मांजर असलें तर पुष्कळदां लाभच होतो; नवें मांजर त्याचें पाहून शिकतें. मात्र दोघांची गांठ पहिल्याच दिवशीं घालूं नये. सेवानिवृत्त जोडपें, एकटी राहणारी प्राध्यापिका, अशा ठिकाणीं हीं मांजरें चांगलीं रुळतात. तेथें त्यांच्याकडून करमणुकीची अपेक्षा नसते, हें याचें मुख्य कारण.

घरीं आणण्यापूर्वीं लसी टोंचल्या आहेत व नसबंदी झाली आहे याची खात्री करावी. आणतांना झांकणाची टोपली किंवा पेटी असावी, वर कापड टाकावें. हातांत धरून रिक्षांतून मांजर आणण्याचा प्रयोग बहुधा पहिल्या चौकांतच संपतो.

पहिले दिवस एकाच खोलींत ठेवावें. सबंध घर एकदम मोकळें केलें तर तें कपाटामागें अशा जागीं शिरतें कीं तेथून काढण्यासाठीं ओढाताण करावी लागते, आणि त्या ओढाताणींत होता नव्हता तो विश्वास जातो. खोलींत लपण्याची जागा असलीच पाहिजे. साधें पुठ्ठ्याचें खोकें, एका बाजूस भोंक पाडलेलें, पुरतें. ही केवळ हौस नाहीं. हॉलंडमधील एका निवाऱ्यांत नव्यानें आलेल्या एकोणीस मांजरांपैकीं दहांना खोकें दिलें, नवांना दिलें नाहीं. १९१४ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१४ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. खोकेंवालीं मांजरें तिसऱ्या-चौथ्या दिवशींच पुष्कळ शांत झालीं. जें लपतें तें बिघडतें, ही समजूत यामुळें खोटी ठरते; ज्याला लपतां येतें तें बाहेर यावयास धजतें.

खाण्याविषयीं दोन गोष्टी. दूध हें मांजराचें अन्न अशी आपली पिढीजात समजूत आहे. परंतु मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांना दुधांतील साखर पचत नाहीं व त्यांना हगवण लागते. पाणी आणि निवाऱ्यांत जें खात होतें तेंच अन्न प्रथम द्यावें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भूक लागली म्हणजे आपण होऊन येईल, या हिशेबानें कित्येक लोक ताटली हातांत धरून बसतात आणि मांजर न आल्यास उचलून नेतात. हें धोक्याचें आहे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलें, विशेषतः तें लठ्ठ असलें, तर शरीरांतील चरबी यकृतांत सांठून प्राणावर बेततें. पहिल्या चोवीस तासांत तोंड लावलें नाहीं तर जनावरांच्या डॉक्टरला विचारावें. ताटली लपण्याच्या जागेजवळ ठेवून माणसानें बाहेर जावें, हेंच बरें.

महाभारतांतील शांतिपर्वांत पलित नांवाच्या उंदराची व लोमश नांवाच्या बोक्याची कथा आहे. बोका जाळ्यांत सांपडलेला. उंदराच्या मागें मुंगूस आणि वर झाडावर घुबड. उंदीर बोक्याच्या आश्रयास जातो व जाळें कुरतडण्याचें वचन देतो, परंतु शेवटचा धागा पारधी दिसेपर्यंत तोडीत नाहीं. संकट टळल्यावर बोका मैत्रीचें गोड आमंत्रण देतो, तेव्हां उंदीर बिळांतूनच नकार कळवितो. निवाऱ्यांतून आलेलें मांजर या कथेंतल्या उंदराच्या जागीं असतें. भुकेमुळें तें हाताजवळ आलें तर तो केवळ गरजेचा तह झाला. त्याला मैत्री समजून उचलून घ्यावयास गेल्यास आठवड्याची कमाई एका क्षणांत जाते.

मग मैत्री व्हावी कशी? माणसानें खोलींत जाऊन जमिनीवर बसावें, वर्तमानपत्र वाचावें, हलक्या आवाजांत बोलावें, आणि मांजराकडे टक लावून पाहूं नये. टक लावणें ही मांजरांत धमकी समजतात. उलट डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडणें ही सलोख्याची खूण आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० मध्यें दाखवून दिलें कीं, माणसानें असे डोळे मिटले असतां मांजरेंही तसेंच करतात, आणि अशा अनोळखी माणसाच्या हाताकडे अधिक वेळां येतात. मांजर डोळे मिटून दूध पितें म्हणून आपण आजवर त्याला नांवें ठेवीत आलों. येथें मात्र डोळे मिटण्याचा धडा माणसानेंच गिरवावयाचा आहे. पुढें दोरीला बांधलेलें पीस, दूरवरून केलेला खेळ, आणि कित्येक आठवड्यांनीं बोटाचा वास घेऊं देणें. हात गालाकडे न्यावा, पाठीवरून किंवा डोक्यावरून झडप घातल्यासारखा नेऊं नये. घाई केल्यानें ओरखडा बसला, चावा बसला, तर साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें जखम धुऊन डॉक्टरकडे जावें. पिसाळीच्या रोगाच्या बाबतींत हयगय नको.

कधीं कधीं एवढें करूनही जमत नाहीं. घरांत अचानक बाळंतपण येतें, आजार येतो, किंवा कुटुंबाचा धीरच सुटतो. अशा वेळीं मांजर परत आणणाऱ्यास निवाऱ्यानें दूषण देऊं नये. दूषणाच्या भीतीनें लोक तें पोत्यांत घालून दुसऱ्या पेठेंत किंवा रस्त्यावरच्या एखाद्या खेड्याजवळ सोडून येतात. ‘तेथें मोकळें राहील’ ही वर सबब. उपासमार होईल अशा स्थितींत प्राण्याला सबळ कारणावांचून टाकून देणें हा १९६० च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. शिवाय केदारखेड्यासारख्या गांवीं प्रत्येक गोठ्याला आधींच एक मांजर असतें, आणि तें पाहुण्याला ओसरीवर चढूं देत नाहीं.

जीं मांजरें पिलूंपणीं माणसाला मुळींच भेटलेलीं नाहींत व पूर्ण वाढलेलीं आहेत, त्यांना चार भिंतींत कोंडण्याचा हट्ट धरूं नये हें खरें. त्यांची नसबंदी करून, खूण म्हणून कानाचें टोक किंचित कापून, जेथून आणलीं तेथेंच सोडणें हा त्यांतल्या त्यांत बरा मार्ग. मूळ जागाच उरली नसेल तर धान्याचें गोदाम किंवा शेतावरचा वाडा पाहतात. पण तेथेंही प्रथम दोन ते चार आठवडे बंद खोलींत ठेवून, रोज ठराविक वेळीं खाऊं घालून, मग दार उघडावयाचें असतें. आणि तेथील मालकानें होकार दिलेला असला पाहिजे.

बाकीच्यांसाठीं कालमर्यादा सांगतां येत नाहीं. कांहीं तीन आठवड्यांत सोफ्यावर येतात, कांहींना वर्ष लागतें. पहिली खूण बहुधा रात्रीं दिसते: घर निजल्यावर खोक्याबाहेर पडलेलें मांजर सकाळीं कोणी उठलें तरी पळत नाहीं, जागच्या जागीं थांबून पाहतें. पुढें एखाद्या दिवशीं तें आपण होऊन येतें व वाचणाऱ्याच्या पायाला गाल घांसून पुढें जातें. त्या वेळीं वर्तमानपत्र खालीं ठेवूं नये. घरीं येणाऱ्या पाहुण्यांना तें कदाचित् कधींच दिसणार नाहीं. दाराशीं चपला वाजतांच तें पलंगाखालीं जाईल, आणि पाहुणे गेल्यावर अर्ध्या तासानें येऊन त्यांच्या बसलेल्या जागेचा वास घेईल.